वाकडचं एक कुटुंब आणि आयबी शाळेचा दहा वर्षांचा हिशेब

आई-बाबा दोघंही हिंजवडीत आयटीत. मुलगी आठ वर्षांची, सीबीएसई शाळेत दुसरी संपवत आलेली. धाकटा मुलगा तीन वर्षांचा. बाबांचे वडील कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वर्षातला बराच काळ पुण्यात मुलाकडे असतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला २,३५,००० रुपये, घराचा हप्ता ६८,०००. या कुटुंबाने मुलीला तिसरीपासून आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत घालायचं जवळजवळ ठरवलं होतं. अर्ज भरून झाला होता, मुलाखत झाली होती, जागा मिळाली होती. पैसे भरायच्या आधी ते माझ्याकडे आले. मी पूर्वी आयबीच्या प्राथमिक वर्गात शिकवलं आहे आणि आता पालकांना शाळा निवडायला मदत करते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा हजारांत पूर्ण केल्या आहेत.

शाळा बदलायचं कारण साधं होतं. सध्याच्या वर्गात ४२ मुलं. वर्गशिक्षिकेने पालकसभेत सांगितलं होतं की मुलगी हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते, पोर्शन मागे पडतो. आई म्हणाली, "पहिलीत होती तेव्हा घरी आली की बडबड थांबायची नाही. आता आज काय शिकवलं विचारलं की ‘धडा’ एवढंच म्हणते." हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटलं. कुटुंबाला परदेशी पदवीची घाई नव्हती, शेजारपाजारची स्पर्धाही नव्हती. आपलं मूल वर्गात गप्प होत चाललंय, हे त्यांना दिसत होतं.

साध्या मंगळवारी शाळेत

शाळेच्या ‘ओपन डे’वर निर्णय घेऊ नका, साध्या कामाच्या दिवशी वर्गात बसू द्या म्हणून विचारा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. या शाळेने परवानगी दिली आणि मीही सोबत गेले.

तिसरीच्या वर्गात २४ मुलं, एक वर्गशिक्षिका आणि एक साहाय्यक शिक्षिका. पाण्यावरचा घटक चालू होता. आदल्या आठवड्यात एका मुलाने विचारलं होतं की खडकवासला भरल्याचा फोटो पेपरात आला, मग आमच्या सोसायटीत अजून टँकर का येतो? बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. तो प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता आणि खाली मुलांनीच यादी केली होती, हे कळायला कोणाकोणाला विचारावं लागेल: सोसायटीचे सेक्रेटरी, टँकरवाले काका, महापालिका, आणि एकीने लिहिलं होतं, ‘माझी आजी’.

आम्ही गेलो त्या दिवशी मुलं गळका नळ मोजत होती. हात धुवायच्या जागेचा एक नळ ठिबकत होता. त्याखाली मोजपात्र ठेवून दहा मिनिटं घड्याळ लावलं, ३० मिलिलिटर पाणी जमलं. मग तासाला किती? १८०. आणि दिवसाला? इथे वर्ग खरा कामाला लागला. एक मुलगी वहीत १८० खाली १८० असं चोवीस वेळा लिहून बेरीज करत बसली. तिच्या शेजारच्या मुलाने १८० गुणिले २० आणि १८० गुणिले ४ असे दोन तुकडे पाडले. उत्तर दोघांचंही ४,३२० आलं, म्हणजे चार लिटरहून जास्त. बाईंनी दोन्ही पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि बेरीज करणाऱ्या मुलीला विचारलं, याने २० आणि ४ कुठून आणले असतील? तिला ते शोधायला बराच वेळ लागला. बाई थांबल्या. सापडल्यावर त्या मुलीचा चेहरा आईने पाहिला, आणि आईचा निर्णय तिथेच झाला होता असं मला वाटतं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी आम्हाला त्यांची नोंदवही दाखवली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्या आठवड्यात ते काय बोललं, कुठे अडकलं, कोणाशी वाद घातला, याच्या दोन-तीन ओळी होत्या. आठवड्यातून एकदा त्या, चित्रकलेच्या बाई, मराठीच्या बाई आणि समन्वयक एकत्र बसून पुढच्या आठवड्याची आखणी करत. मराठीच्या तासाला त्याच सुमारास विहीर, आड, पाणवठा, रहाट हे शब्द चालले होते.

त्याच इमारतीत पाचवीच्या वर्गाबाहेर मात्र वेगळं चित्र होतं. वर्षअखेरच्या प्रदर्शनाचे फलक लावलेले होते, छापखान्यातून आणल्यासारखे गुळगुळीत, भाषा मोठ्यांची. त्यांपैकी एका मुलाला मी त्याच्या फलकाबद्दल विचारलं तर तो पाठ केलेलं बोलला. म्हणजे शाळा एकच, पण प्रश्न विचारत, शोध घेत शिकणं एका वर्गात घडत होतं आणि दुसऱ्यात भिंतीवर टांगलेलं होतं. पाटीवर ‘आयबी’ लिहिलं म्हणजे प्रत्येक वर्गात ते घडेलच असं नाही. ते त्या-त्या बाईंवर आणि त्यांना मिळणाऱ्या वेळेवर ठरतं.

ही पद्धत काय आहे

आयबी ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, ती आधी अकरावी-बारावीच्या डिप्लोमासाठी. प्राथमिक कार्यक्रम, ज्याला सगळे पीवायपी म्हणतात, १९९७ मध्ये आला. तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात विषयवार पाठ्यपुस्तक नसतं. आपण कोण आहोत, आपण कुठल्या स्थळकाळात आहोत, आपण व्यक्त कसे होतो, जग चालतं कसं, माणसं आपली व्यवस्था कशी लावतात आणि पृथ्वी आपण वाटून कशी घेतो, अशी सहा सूत्रं. मोठी मुलं वर्षभरात प्रत्येक सूत्रावर साधारण सहा आठवडे काम करतात. भाषा, गणित, विज्ञान, परिसर त्यातून ओवले जातात. आयबीची बाहेरची परीक्षा या टप्प्यात नसते. शेवटच्या वर्षी मुलं स्वतः विषय निवडून एक प्रदर्शन करतात, तेच हे फलक.

आजोबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हा तर ज्ञानरचनावाद झाला. आम्ही हेच केलं की." त्यांचं म्हणणं खरं होतं. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं, हा विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आला आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी तो शब्द बसला. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. फरशीवर आखलेली गणितं, काड्या, चिंचोके, गटागटाने बसलेली मुलं, हे सगळं जिल्हा परिषदेच्या शाळांत झालं, पालकांकडून रुपयाही न घेता. आजोबांची तक्रार दुसरीच होती. "पण माझ्या एका बाईंकडे दोन वर्ग होते. वर रोज कुठली ना कुठली माहिती भरायची. मुलांसमोर बसायला वेळ कधी मिळणार?"

महाराष्ट्रात हा विचार आयबीच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, ते याच जातकुळीचं. कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्यातलं अक्षरनंदन, या सगळ्या शाळांनी मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करणारं शिक्षण दिलं आणि त्यासाठी पालकांकडे लाखांची फी मागितली नाही. म्हणून पालकांना मी ठामपणे सांगते की पद्धत महाग नाही. महाग आहे तो प्रत्येक मुलामागे मोठ्या माणसाचा वेळ. मंगळवारी वर्गात दिसलं ते त्या बाईंचं थांबणं आणि ती नोंदवही. तुम्ही त्याचे पैसे देत असाल तर द्या. पण दिलेल्या फीपैकी तिथे किती पोचतं, हे बघा.

कागदावर मांडलेला हिशेब

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "फी साडेपाच लाखांच्या आत आहे." शाळेने दिलेल्या कागदावर ट्यूशन फी ५,४०,००० होतीच. त्याखाली बारीक अक्षरात बस ७८,०००, जेवण-नाश्ता ६२,०००, सहली आणि उपक्रम ३५,०००, गणवेश आणि साहित्य १४,०००. हे सगळं दरवर्षीचं, म्हणजे ७,२९,०००. पहिल्या वर्षी त्यावर ७५,००० प्रवेश शुल्क आणि १,००,००० अनामत. अनामत परत मिळणार, पण बिनव्याजी आणि शाळा सोडताना. पहिल्या वर्षी खिशातून जाणार ९,०४,०००. अर्जाचे २५,००० आधीच गेले होते, ते परत मिळणारे नव्हते.

मग आम्ही दहा वर्षं मांडली, तिसरी ते बारावी. दरवर्षी सरासरी ८ टक्के वाढ धरली. दहाव्या वर्षी नुसती ट्यूशन फीच १० लाख ७९ हजारांच्या आसपास जाते, म्हणजे आजच्या दुप्पट. दहा वर्षांचा सगळा खर्च मिळून साधारण १ कोटी ६ लाख. सध्याच्या सीबीएसई शाळेचा फी-बस मिळून खर्च वर्षाला १,४५,०००. तोच ८ टक्क्यांनी वाढत गेला तर दहा वर्षांत २१ लाख. फरक ८५ लाखांच्या आसपास. आणि यात मी एक गोष्ट मुद्दाम धरली नव्हती: बहुतेक आयबी शाळांत सहावीला आणि मग अकरावीला फीची पायरी एकदम उंच होते, डिप्लोमाच्या परीक्षेची फी वेगळी. ही पायरी शाळेकडून लेखी मागा, असं मी सांगितलं. शाळेने सध्याच्या अकरावीचा आकडा दिला, पुढचं सांगता येणार नाही म्हणाली.

महिन्याच्या भाषेत बोलायचं तर ७,२९,००० म्हणजे महिना ६०,७५०. घराचा हप्ता आणि शाळा वजा जाता हातात उरतात १,०६,२५०. त्यात घरखर्च, धाकट्याची बालवाडी, आजोबांची औषधं, विमा, गावाकडचं येणंजाणं. एका मुलीपुरतं हे जमतं. पगार वाढतील हेही खरं. पण आयटीतला पगार दहा वर्षं दरवर्षी वाढतच राहील, या भरवशावर मी कोणालाही शाळा निवडू देणार नाही. शाळा मध्येच सोडावी लागली तर त्याची किंमत मूल देतं.

करात फार सूट मिळेल असं बाबांना वाटत होतं. आयकरातली ही वजावट फक्त ट्यूशन फीवर, तीही प्रत्येकी दीड लाखाच्या एकूण मर्यादेत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. त्यांच्या मर्यादा घराच्या कर्जाने आधीच भरल्या होत्या.

फीच्या कायद्याबद्दल बहुतेक पालकांना काही माहीत नसतं, म्हणून ते इथे लिहिते. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. बोर्ड कुठलंही असलं तरी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडले जातात, व्यवस्थापनाचा फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. ‘तुमच्या शाळेत ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली’ हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारणारा पालक मला क्वचित भेटतो. या आई-बाबांनी तो विचारला. समन्वयकांनी समिती असल्याचं सांगितलं, ठरावाची प्रत मात्र शेवटपर्यंत आली नाही.

पैसे जातात कुठे, हाही हिशेब करून बघावा. २४ मुलांचा वर्ग धरला तर एका वर्गाची ट्यूशन फी १ कोटी २९ लाख ६० हजार होते. वर्गशिक्षिका, साहाय्यक, आणि कला, खेळ, संगीत, भाषा यांच्या शिक्षकांचा त्या वर्गाच्या वाट्याचा पगार कितीही सढळ हाताने धरला, प्रशिक्षणाचा आणि आयबीला शाळेने दरवर्षी द्यायच्या शुल्काचा वाटा त्यात घातला, तरी माझा अंदाज निम्म्यापर्यंतही पोचत नाही. उरलेलं जमीन, इमारत, वातानुकूलन, पोहण्याचा तलाव, जाहिरात आणि नफ्यासारखं जे काही असेल त्यात. तलाव वाईट नाही. पण गळका नळ मोजायला तो लागला नव्हता.

दहावीनंतरचं

आई-बाबांचा शेवटचा भरवसा ‘पुढे बघू’ असा होता, आणि मला इथे त्यांना थांबवावंसं वाटलं. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, तीन वरच्या पातळीवर आणि तीन साध्या. शिवाय ज्ञानमीमांसेचा अभ्यास, ४,००० शब्दांचा संशोधन निबंध, आणि सेवा व कलाक्रीडेचं काम. गुण ४५ पैकी. भारतीय विद्यापीठ संघ हा डिप्लोमा बारावीच्या तोडीचा मानतो, त्यामुळे इथली दारं बंद होत नाहीत. अडचण विषयांच्या जुळणीची आणि वेळेची आहे.

नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात. तिन्ही घ्यायचे तर शाळेला आयबीकडून खास परवानगी आधीच घ्यावी लागते. एमएचटी-सीईटी ही राज्याची अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. डिप्लोमाचं मूल्यमापन दीर्घ लेखी उत्तरं आणि प्रकल्पांवर, सीईटी बहुपर्यायी प्रश्नांवर आणि वेगावर. दोन्ही एकाच वेळी करणारी मुलं मी पाहिली आहेत, ती थकतात. डिप्लोमाचा निकाल जुलैत लागतो, तोवर इथल्या प्रवेशाच्या धावपळीला सुरुवात झालेली असते. म्हणून डिप्लोमापर्यंत जाणारी बहुतेक मुलं परदेशातली किंवा इथली खासगी विद्यापीठं धरतात. म्हणजे १ कोटी ६ लाखांच्या रस्त्याच्या टोकाला आणखी एक मोठा खर्च उभा असतो. तो करायची तयारी किंवा इच्छा या घरात नव्हती.

बाबांनी मधला मार्ग सुचवला: पाचवीपर्यंत आयबी, मग सहावीला सीबीएसई. तीन वर्षांचा खर्च, प्रवेश शुल्क धरून, साधारण २४ लाख ४० हजार. शिक्षणाच्या दृष्टीने मला हा मार्ग वाईट वाटत नाही. विचार करायची सवय या वयातच लागते आणि ती पुढे राहते. मात्र सहावीत जाताना पाढे, लेखनाचा वेग आणि हिंदी यांची वेगळी तयारी करून घ्यावी लागते, नाहीतर मूल पहिल्या चाचणीतच स्वतःला ‘ढ’ समजायला लागतं.

हा मार्ग जवळजवळ पक्का झाला होता. आजोबांनी एवढंच विचारलं, "आणि धाकट्याचं काय? तिला हे दिलं, त्याला दिलं नाही, असं करता येईल का तुम्हाला?" घरात कोणी बोललं नाही. दोघांसाठी हिशेब केला तर तीन-चार वर्षांनी दोन्ही मुलांची मिळून फी आईच्या सबंध पगाराच्या जवळ जात होती.

काय ठरलं

त्यांनी प्रवेश घेतला नाही. त्याच पैशांच्या एका छोट्या भागात काय मिळवता येईल, याची यादी आम्ही केली, आणि त्यात पहिली गोष्ट होती वर्गाचा आकार. बाणेरच्या बाजूला २८ मुलांचा वर्ग असलेली एक साधी सीबीएसई शाळा मिळाली, फी-बस मिळून वर्षाला १,९०,०००. इमारत भाड्याची, मैदान लहान. पण मुख्याध्यापिका स्वतः आठवड्यातून काही तास शिकवतात आणि शिक्षकांना आखणीसाठी शुक्रवारची दुपार मोकळी मिळते. वर्गात बसू देण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी कारणही विचारलं नाही. आई-बाबांनी दोन वर्गांत बसून पाहिलं. एका वर्गात मुलं पुस्तकातून वाचत होती, दुसऱ्यात बटाट्याच्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांवरचं वजन आणि किंमत लिहून कुठलं पाकीट स्वस्त पडतं यावर भांडत होती.

आजोबांनी त्यांच्या सोसायटीत शनिवारी दुपारी मुलांना जमवायला सुरुवात केली. मुलीच्या आग्रहावरून पहिलं काम ठरलं ते सोसायटीच्या टँकरच्या पावत्या. सेक्रेटरींनी वर्षभराच्या पावत्यांच्या फाइलमधून झेरॉक्स करून दिल्या. कुठल्या महिन्यात किती टँकर आले याचा आलेख मुलांनी पार्किंगच्या फरशीवर खडूने काढला, कुमठ्यासारखा. पावसाळ्यातही टँकर येत होते हे त्यांना त्यात सापडलं, आणि आता ती मुलं बोअरवेल किती खोल आहे हे विचारत फिरताहेत. गणित, मराठी, इंग्रजी, भूगोल सगळं त्यात आहे. आजोबा घरी मराठीतच बोलतात, त्यामुळे नोंदी मराठीत होतात.

ज्यांची बदलीची नोकरी देशोदेशी आहे, त्या कुटुंबाला मी वेगळं सांगितलं असतं. अशा मुलाला दुबईत, सिंगापुरात किंवा पुण्यात एकाच पद्धतीची शाळा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि फी अनेकदा कंपनी भरते. ज्यांना पहिल्यापासून परदेशातलं शिक्षण परवडणार आहे, त्यांच्यासाठीही हिशेब वेगळा. या कुटुंबासाठी तो जुळत नव्हता.

डिप्लोमाचा विचार त्यांनी सोडलेला नाही. तो दोन वर्षांचा आहे आणि दहावीनंतर कुठल्याही बोर्डातून त्याला जाता येतं. मुळशीत पौडजवळ १९९७ साली सुरू झालेलं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज (पूर्वीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज) नेमकी हीच दोन वर्षं चालवतं, जगभरातून मुलं घेतं आणि कुटुंबाची ऐपत पाहून आर्थिक मदत देतं. मुलगी दहावीला जाईल तेव्हा तिला तसं शिकायचं असेल, तर दोन वर्षांची तरतूद असावी म्हणून बाबांनी दरमहा १५,००० रुपयांची वेगळी गुंतवणूक सुरू केली आहे. धाकट्याच्या नावाने तेवढीच, त्याच तारखेला.